मनकवडीची मोजणी

सोमवार, ४ नोव्हेंबर

...तेव्हा मी मागच्या दोरीवर ह्यांचा काळा कोट उलटा करून वाळत घालत होते. अस्तर बाहेर ठेवलं की उन्हानं रंग उडत नाही. चिमटे तोंडात धरले होते. पाणी भरून झालं होतं, केर काढून झाला होता, आणि स्टोव्हवरच्या दुधाकडे माझा एक कान होता. आतून ह्यांच्या बुटाची टाच वाजली. टक. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. दुसऱ्या बाहीला चिमटा लावला. नऊ, दहा, अकरा. टक. मी तोंडातले चिमटे काढून ओरडले, "अकरा. छत्री."

आतून हे म्हणाले, "बरोबर. आणि दूध उतू गेलं."

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. आज सकाळी वाळलेले कपडे काढताना आठवली, आणि त्याच वेळी फोन वाजला.

एक गृहस्थ बोलत होते. वर्तमानपत्रातून निवृत्त झालेत. पुस्तक लिहितायत. ज्या कलावंतांच्या मरणाची बातमी चार ओळींच्या वर कधी आली नाही, अशांची चरित्रं. म्हणाले, "प्रोफेसरांवर एक प्रकरण हवंच. मनकवडीचा खेळ मी लहानपणी पाहिलाय." मी म्हटलं, बुधवारी या.

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी मोजतेय. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मिनिट भरलं तेव्हा माझा आकडा एकाहत्तरवर होता.

माझी मोजणी मिनिटाला साठ असते. तीच आमची विद्या होती. भीती वाटली की ती धावते. हे गेले त्याला चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत, दवाखान्यातला तो एक दिवस सोडला, तर ती पासष्टच्या वर गेली नव्हती.

मन घाबरलं की लिहून काढावं, असं मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. मी शाळेत गेलेली नाही. आमच्याच खेळाच्या जाहिराती भिंतीवर चिकटवता चिकटवता अक्षरं लागली, त्यामुळे बरेच दिवस मला फक्त मोठी अक्षरं वाचता यायची. आता वाचनालयातलं काहीही वाचते. ही वही ह्यांची आहे. पुढून त्यांच्या आकड्यांच्या याद्या आहेत. मी मागून सुरुवात केली आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पुस्तकवाले येऊन गेले. सदऱ्याच्या खिशात तीन पेनं, आणि तिन्हींची शाई गळलेली. मला भीती होती की बोलणं टिपून घेणारं एखादं यंत्र आणतील. मी तसं विचारलं. म्हणाले, "वहिनी, मी पोलीस नाही. कागदावर लिहितो, आणि तेही नंतर मला लागत नाही."

त्यांनी काही तयार पानं वाचून दाखवली. एक सायकलवाला होता, सात दिवस आणि सात रात्री गोल गोल सायकल चालवायचा, चालवतानाच दाढी करायचा. तो घरातल्या मोरीत पाय घसरून गेला. एक बाई होती, तिला नाटकवाले प्रेक्षकांत बसवायचे, पहिलं हसायला. ती हसली की सगळं नाट्यगृह हसायचं. तिच्या मुलानं सांगितलं म्हणे, "आई घरी कधी हसली नाही. घरी म्हणायची, इथं मला हसायला कुणी बोलावलंय." मी ती पानं मागून घेतली आणि पुन्हा स्वतः वाचली. चांगली लिहिली आहेत. मेलेल्यांना त्यांनी किड्यासारखं चिमटीत धरलेलं नाही.

ह्यांच्या मृत्यूची बातमी तीन ओळींची होती. तिसऱ्या ओळीत वय चुकलं होतं.

मग त्यांनी खेळाबद्दल विचारलं. मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. पण ते म्हणाले, "खुणेचे शब्द असतात बाकीच्यांचे. तुमच्या खेळात प्रोफेसर तोंडच उघडायचे नाहीत. मी तीन वेळा पाहिला, मला कळलं नाही." ह्यांना हे ऐकायला किती आवडलं असतं. मी सांगून टाकलं.

मी रंगमंचावर बसायची. डोळ्यांवर कापूस, त्यावर काळी पट्टी. हे प्रेक्षकांत फिरायचे. कुणी घड्याळ दाखवायचं, कुणी किल्ली. हे एकदा टाच वाजवायचे, मग थांबायचे, मग पुन्हा वाजवायचे. दोन टाचांच्या मधे आम्ही दोघं मनात मोजायचो, एकाच चालीनं. जो आकडा येईल, त्या आकड्याची वस्तू. दीडशे वस्तूंची यादी, दहा-दहाचे गट, लांबच्या वस्तूंना आधी गटाचा आकडा मग वस्तूचा, सगळी पाठ. बस्स. तिसरा डोळा वगैरे काही नाही. दोन माणसं सारखी मोजत होती, एवढंच.

पुस्तकवाले पेन खाली ठेवून पुढे वाकले. मग म्हणाले, "यासाठी किती वर्षं लागली?"

मी म्हटलं, "लग्नाची पहिली चार. भांडणंसुद्धा मोजून करायचो."

ते हसले. मलाही बरं वाटलं. मग निघता निघता त्यांनी चप्पल घालत सांगितलं, "शेवट मात्र माझ्याकडे फार सुरेख आहे. ती लिफ्टवाल्याची बायको मला भेटली. म्हणते, प्रोफेसरांच्या त्या एका उत्तरावर मी एकतीस वर्षं जगले. दार अजून उघडं ठेवते. तिला तुम्हाला भेटायचंय. तुमचा नंबर दिलाय."

ते गेल्यावर पाहिलं, त्यांच्या कपात मी दोनदा साखर घातली होती आणि त्यांनी सगळा चहा पिऊन टाकला होता.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

लिहूनच काढते.

एका कारखान्याच्या कामगारांचा हॉल होता. खचाखच भरलेला. मला दोन दिवस ताप होता. लेक पाच वर्षांची, पडद्यामागे ट्रंकेवर झोपलेली. खेळाच्या शेवटी लोक प्रश्न विचारायचे. त्या उत्तरांची यादी वेगळी होती, छोटी. एक म्हणजे हो. चार म्हणजे सुखरूप आहे, येईल. आठ म्हणजे वेळ लागेल. बारा म्हणजे मला दिसत नाही, अंधार आहे.

आमचा नियम होता आणि तो ह्यांनीच केला होता. कुणी आजाऱ्याबद्दल, हरवलेल्याबद्दल किंवा गेलेल्याबद्दल विचारलं, तर बारा. कितीही मोठा माणूस असो, बाराच. हे म्हणायचे, "आपण किल्ल्या ओळखणारी माणसं. कुणाच्या जिवाला हात लावायचा नाही." चार फक्त गमतीला, परीक्षेला गेलेल्या मुलाची आई विचारायची तेव्हा.

त्या रात्री एका बाईचा आवाज आला. "माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो. सात महिन्यांपूर्वी हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला, तो आलेला नाही. आहे का?"

हॉलमध्ये खुर्चीसुद्धा करकरली नाही. ह्यांची टाच वाजायला नेहमीपेक्षा उशीर झाला. मग टक. एक, दोन, तीन, चार. टक.

मी म्हणाले, "सुखरूप आहे. येईल. वेळ लागेल, पण येईल."

"वेळ लागेल, पण" हे माझ्या पदरचं होतं. खेळात रंग भरायची सवय.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या खाली त्या बाईचा आवाज होता. तो मी लिहू शकत नाही.

पडदा पडल्यावर ह्यांनी पट्टी सोडली. त्यांचे हात गार होते. मी विचारलं, "चारच ना?" म्हणाले, "आकडा माझा होता. तुझी चूक नाही." मग मी ट्रंकेशेजारी आडवी झाले. सकाळी ताप उतरला तेव्हा कळलं की तिथे बारा यायला हवे होते. मी रडले. हे पुन्हा तेच म्हणाले, "आकडा माझा होता." एवढंच म्हणाले, आणि मरेपर्यंत तेवढंच म्हणत राहिले. असा माणूस. माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला.

त्या रात्री बाकी सत्तावीस वस्तू बरोबर आल्या होत्या, चष्म्याच्या घरावर कोरलेलं अक्षरसुद्धा. तेवढं एकच चुकलं. तापाचं असंच असतं.

आता ही गोष्ट पुस्तकात छापून येणार, प्रोफेसरांच्या शक्तीचा पुरावा म्हणून. आणि ती बाई दार उघडं ठेवून बसलेली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तिचा फोन आला.

"मनकवडी बाई आहेत का?"

तीस वर्षांत मला कुणी या नावानं हाक मारली नव्हती. मी "नाही" म्हणणार होते. तोंडातून "बोला" निघालं.

आवाज म्हातारा, पण टवटवीत. आधी ह्यांच्याबद्दल वाईट वाटल्याचं बोलली. म्हणाली, "देवमाणूस. दरवर्षी यायचे."

मी विचारलं, "कुठे?"

"आमच्याकडे. म्हणजे दाराशी. वर्षातून एकदा, खेळाच्या तारखेला. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, मग विचारायचे, तब्येत बरी आहे ना, आणि जायचे. मी समजायची, हे बघायला आलेत, अजून किती वेळ लागेल ते."



"बाई, तुम्हाला त्रास देत नाही. पण एक झालं. परवा दुपारी पुढच्या खोलीत पावलं वाजली. मी आतून विचारलं, जेवलास का? उत्तर नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी लाजला असेल. मी चहा ठेवला. दोन कप. घेऊन बाहेर आले तर कपाट उघडं, आणि कुणी भलताच. त्यानं ढकललं. मनगट मोडलंय. तसं बरं आहे. फक्त आता रोज विचार येतो, की मी चुकून तो आला तेव्हाच आत असले आणि ओळखलंच नाही तर? तुम्ही अजून एकदा बघून सांगाल का? एकदाच. कधी येईल तेवढं."

मी म्हटलं, "दाराला कडी लावत जा."

ती हसली. "तुम्हीच असं म्हणता?"

फोन ठेवल्यावर मी मोजलं नाही. हात छातीवर ठेवला आणि काढून घेतला.

रविवार, १० नोव्हेंबर

लेक आली होती. तिला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात औषधं देते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा डोस सांगते.

"पहिलं म्हणजे फोन उचलू नकोस. दुसरं, त्या पुस्तकवाल्याला सांग, नको आमचं प्रकरण. तिसरं, झोपेची अर्धी गोळी."

"तुझ्या बाबांवर परत कुणी लिहिणार आहे का? तीन ओळींतच राहायचं त्यांनी?"

"आई, बाबा चौथी पास होते आणि सगळं गाव त्यांना प्रोफेसर म्हणायचं. पुरे झालं की."

"आणि ती बाई?"

लेक बराच वेळ बशी पुसत राहिली. "तिला आता खरं सांगून काय देणार आहेस तू? पंचाहत्तरीला आली असेल. असू दे तिचा नवरा जिवंत."

"तिच्या घरात चोर शिरतायत."

"मग पोलिसांना कळव. तू काय कडी आहेस?"

जाताना तिनं विचारलं, "बाबा दरवर्षी तिकडे जायचे, तुला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. त्या तारखेला हे इस्त्रीचा सदरा घालून दाताच्या डॉक्टरकडे जायचे. एकोणतीस वर्षं. आणि दात मात्र सगळे पडले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले, खिडकीतून दिसू नये म्हणून. तीन वेळा वाजलं. मग दाराखालून कागद आत आला. विजेचं मीटर बघायला माणूस आला होता, घर बंद असल्याची चिठ्ठी टाकून गेला.

एकाहत्तर वर्षांची बाई मीटरवाल्याला घाबरून गॅसच्या ओट्याखाली बसते. हे असते तर यावर महिनाभर हसले असते. मी उठले तेव्हा गुडघे वाजले, टक, टक. मधे चार आकडे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पुस्तकवाल्यांना मीच बोलावलं. म्हटलं, त्यांना सांगितलं तर निदान पुस्तकातून ती गोष्ट जाईल. सांगितलं. ताप, पट्टी, बाराचे चार. त्यांनी एकही शब्द लिहिला नाही. पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

मग म्हणाले, "वहिनी, एक विचारू? रागावू नका. तापात तुमची मोजणी कशी व्हायची, सावकाश की भरभर?"

"भरभर. ताप काय नि भीती काय, आकडा पळतो."

"मग बाराचे पंधरा होतील. अठरा होतील. चार कसे होतील?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बोटानं टेबल वाजवलं. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. चार सेकंद गेले, त्यांनी पुन्हा वाजवलं. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून, या वेळी बारा सेकंद. खोली फार मोठी झाल्यासारखी वाटली. बारा सेकंद खूप असतात. तेवढ्यात माणूस उठून दारापर्यंत जाऊन येईल.

"हे दोन एकमेकांसारखे वाटतात का तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही कधी तापात रंगमंचावर बसलायत?"

"नाही."

"मग तुम्हाला काय कळतंय. कुणाची तरी दुसऱ्याची टाच वाजली असेल. कामगारांचा हॉल तो. सगळ्यांच्या पायांत बूट."

"तुम्हीच म्हणालात, खुर्चीसुद्धा करकरली नाही."

हे मी कधी म्हणाले? सांगताना बोलून गेले असेन. मी उठले आणि कप उचलायला लागले. त्यांचा अजून भरलेला होता. त्यांना समजलं. दाराशी म्हणाले, "मी काहीच छापणार नाही तुमच्या परवानगीशिवाय. पण शुक्रवारी, एकोणतीसला, मजकूर छापखान्यात जातो. काय लिहू ते तुम्ही सांगा. नाहीतर प्रोफेसर राहून जातील."

मिनिटाला चौऱ्याऐंशी. दोनदा मोजलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

वही पुढून उघडली. हे गेल्यापासून ती पानं पाहिली नव्हती. प्रश्नांची यादी सहाव्या पानावर आहे. एक, चार, आठ, बारा. त्यातला चार खोडलेला आहे. साधी रेघ नाही. पेन्सिलीनं इतक्या वेळा खोडलाय की कागद फाटून मागच्या पानावरचा, वस्तूंच्या यादीतला 'बाहुली' हा शब्द दिसतो. शेजारी तारीख आहे, त्या खेळाच्या दुसऱ्या दिवसाची.

हे अर्थातच माझ्यासाठी केलं असणार. मी पुन्हा चुकू नये म्हणून चारच काढून टाकला. त्यानंतर आमच्या खेळात चार कधी आला नाही, हे खरं आहे. परीक्षेला गेलेल्या मुलांच्या आयांनासुद्धा मी आठच सांगायची. दोन वर्षांनी ह्यांनी खेळही बंद केला आणि घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीला बसले. सगळे म्हणाले, प्रोफेसरांचा रस गेला. मी म्हणायची, पायाला विश्रांती हवी त्यांच्या.

मला एक आठवतं. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "तिनं माझी बाही सोडली नाही." मी विचारलं, "कुणी?" म्हणाले, "तुला कसं दिसणार, तू पट्टीखाली होतीस." मला वाटलं, औषधानं बरळतायत. मी उशी नीट केली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गेले होते. बस बदलून, चढण चढून, त्या रस्त्याच्या तोंडापर्यंत. पुस्तकवाल्यांनी घर सांगितलेलं होतं, डाव्या हाताचं चौथं. लांबूनच दिसलं. दार उघडं आणि ते वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली वीट लावलेली. आत अंधार. रस्त्यानं माणसं जात होती आणि त्या दाराकडे कुणी बघतही नव्हतं, इतकी त्यांना सवय.

मी परत फिरले. आयुष्यभर हजार माणसांसमोर बसले तेव्हा काही वाटलं नाही, कारण मला ती दिसत नव्हती. आता एका बाईसमोर उघड्या डोळ्यांनी बसायचं होतं.

ह्यांचंही असंच झालं असेल. एकोणतीस वेळा.

हे वाक्य लिहिलं आणि आता खोडावंसं वाटतंय. हे कशाला घाबरतील? त्यांनी काही केलं नव्हतं. चूक माझी होती.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पुस्तकवाल्यांचा फोन. आधी हवापाण्याचं बोलले, म्हणजे काहीतरी वाईट सांगायचं असणार.

"मी काल तिच्याकडे गेलो होतो. तिनं खाट पुढच्या खोलीत आणून घेतलीय. दारापासून दोन हातांवर. म्हणते, आता तो आला की मला लगेच दिसेल. शेजाऱ्यांनी खूप समजावलं. म्हणते, मनकवडी बाईनं सांगितलंय, ती कधी चुकली नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय. थंडी पडायला लागली."

"हो. तेच म्हणतोय मी."

भीतीचे प्रकार असतात हे मला या वयात कळलं. इतके दिवस भीती होती की ती मला काय म्हणेल. मग भीती होती की लोक ह्यांना काय म्हणतील. मंगळवारपासून एक तिसरी होती, तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आणि आज फोन ठेवल्यावर फक्त ती खाट दिसत राहिली. एक म्हातारी, मनगटाला प्लास्टर, उघड्या दारापासून दोन हातांवर. जो येईल तो आपलाच, असं समजून.

माझा नवरा गेला तेव्हा मी त्याचा हात धरून होते. शेवटचा श्वास आणि पुढचा न आलेला, यांच्यामधलंसुद्धा मी मोजलं. किती वाईट दिवस, पण तो माझा आहे, माझ्याकडे आहे. त्यांचा वस्तरा मी दिला, चप्पल ठेवली, कोट ठेवला. काय द्यायचं, काय ठेवायचं, हे मला ठरवता आलं. तिला मी एकतीस वर्षं काहीच ठरवू दिलं नाही.

उद्या जाते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मंगळवारी गेले. सकाळी भांडी घासली, कपडे दोरीवर टाकले, ह्यांचा काळा कोट उलटा करून उन्हात टाकला, आणि निघाले. बसमध्ये आकडा नव्वदच्या वर गेला. मग मी तो सोडून दिला.

वीट होती तिथेच होती. मी बाहेरून म्हटलं, "मी आलेय. मनकवडी."

ती खाटेवर उठून बसली. माझ्याहून लहानखुरी आहे. केस विंचरलेले, पदर नीट. मला वाटतं, ती रोजच अशी तयार असते. म्हणाली, "आत या ना. ते कधी आत आले नाहीत."

मी आत गेले. खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली आणि बसायच्या आधी बोलायला लागले, कारण बसले असते तर चहा झाला असता. टाचा सांगितल्या. यादी सांगितली. चार आणि बारा सांगितलं. म्हटलं, "त्यांनी बारा दिले होते. मला ताप होता. मी चार ऐकले. 'वेळ लागेल, पण' हे तर मी मनानंच जोडलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे त्यांना दिसलं नव्हतं?"

"कुणालाच काही दिसत नव्हतं. मला तर पट्टी होती."

"मग ते दरवर्षी का यायचे?"

हा प्रश्न मी बसमध्ये स्वतःला विचारून ठेवला होता. म्हटलं, "माझी चूक सांगायला यायचे. बायकोचं नाव घ्यायला तोंड उघडायचं नाही त्यांचं."

बाहेरून एक हातगाडी गेली. ती रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघी तिची चाकं ऐकत होतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, मी मोजलं नाही. मग तिनं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तुमचे कसे गेले?"

मी सांगितलं. सगळं. आधी खोकला, मग पायांवरची सूज, मग तो हात. तिनं मधेमधे विचारलं, काय खायचे, शेवटी बोलले का, कपड्यांचं काय केलं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "त्याची हत्यारांची पिशवी गेली त्याच्याबरोबर. बाकी सगळं आहे. सात सदरे आहेत." आणि मग ती रडली. त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्यांखाली ऐकलं होतं, तो आवाज हा नव्हता. हा माझ्या ओळखीचा होता.

ऊन उतरल्यावर वारा सुटला. ती अंगाभोवती पदर घेऊन म्हणाली, "बाई, गार लागतंय."

मी उठून पायानं वीट बाजूला केली. दार पुढे आलं, पण कडी गंजली होती, हलेना. तिनं आतून तेलाची बाटली आणून दिली. मी तेल सोडलं, दोनचारदा मागेपुढे केली आणि लावली. आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत उभ्या राहिलो. मग तिनं माझ्यासाठी ते पुन्हा उघडलं, मी बाहेर पडले, आणि पायरीवर उभी राहून आतून कडी पडल्याचा आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकवाल्यांना फोन करून प्रोफेसरांचं खरं वय सांगितलं, आणि म्हटलं, त्या रात्री आकडा मनकवडी चुकली असं लिहा.